‘ताई, दिवाळं काढून देणारा वकील सांगा’

(पत्र मोठं होतं. लिहिणाऱ्याची ओळख पटू नये म्हणून गावाचं नाव आणि काही तपशील गाळले आहेत.)

‘ताई, मी यवतमाळ जिल्ह्यातला शेतकरी. पाच एकर वावर, कापूस, तूर, सोयाबीन. २०१९ ला गावात कृषी केंद्र टाकलं. उधारी वसूल झाली नाही, दोन वर्षांपूर्वी शटर पाडलं. बँकेचं पीककर्ज २ लाख १० हजार आहे. पतसंस्थेचे ४ लाख २० हजार, त्याला चुलतभाऊ जामीनदार. बियाण्याच्या डिस्ट्रिब्युटरचे १ लाख ८५ हजार, त्याच्याकडं माझे सही केलेले चेक पडून आहेत. बायकोच्या नावानं फायनान्सचे दोन गट, ७० हजार बाकी. अन् २०२१ ला गावातल्याच एकाकडून ३ लाख घेतले, महिन्याला शेकडा ३ नं. त्यानं दोन एकराचं खरेदीखत करून घेतलं. पैसे फेडले की पलटून देतो म्हणाला होता, यंदा ते वावर त्यानं दुसऱ्याला मक्त्यानं देऊन टाकलं. हे घरी सांगितलं नाही. पतसंस्थेची १०१ ची नोटीस आली, महिनाअखेरची तारीख आहे. माझा भाचा अमेरिकेत असते. तो म्हणते तिकडं बँकरप्सीचा वकीलच वेगळा असते, तीन-चार महिन्यांत माणूस मोकळा. आपल्याकडं असा वकील कुठं भेटंल? फोनवर एक कंपनी आली होती, निम्म्यात सेटलमेंट करून देतो, आधी ३० हजार भरा म्हणते. उरलेलं तीन एकर पोराच्या नावानं करून टाकू का? जेल होईल का? रात्री झोप नाही, डोक्यात नाही नाही ते येऊन राहिलं.’

भाऊ,

तुमच्या शेवटच्या वाक्यापासून सुरू करते, कारण बाकी सगळं त्याच्यानंतरचं आहे. डोक्यात जे येतंय ते आज कुणाला तरी बोलून दाखवा. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठी असलेल्या हेल्पलाइनचा नंबर आहे. सरकारी आहे, फुकट आहे, रात्री दोन वाजता लावला तरी उचलतात आणि मराठीत बोलतात. हे पत्र वाचून झाल्यावर नाही, आत्ताच लावा. घरात फवारणीचं औषध उरलेलं असेल तर ते आज भावाकडं किंवा शेजाऱ्याकडं ठेवायला द्या. तुमचं कर्ज बारा लाखांच्या घरात आहे आणि त्यातलं काही तुम्हाला वाटतंय तेवढं पक्कं नाही. ते कसं, ते खाली सांगते. पण ते ऐकायला तुम्ही असायला पाहिजे.

आता वावराचं. पोराच्या नावानं काहीही करू नका. बक्षीसपत्र नको, वाटणीपत्र नको, भावाला खोटं खरेदीखत तर मुळीच नको. पारावरचे लोक हाच सल्ला पहिल्यांदा देतात आणि याच सल्ल्यानं माणूस सगळ्यात जास्त अडकतो. देणं अंगावर असताना ज्यांचं देणं आहे त्यांना चुकवण्यासाठी केलेला दस्त कोर्ट रद्द करू शकतं. नादारीच्या, म्हणजे दिवाळखोरीच्या कायद्यात तर सरळ लिहिलंय की मोबदला न घेता केलेला असा व्यवहार झाल्यापासून दोन वर्षांच्या आत नादारीचा अर्ज पडला, तर तो व्यवहार टिकत नाही. शिवाय मालमत्ता लपवली म्हणून गुन्हा अंगावर येतो तो वेगळाच. आज तुमची बाजू अशी आहे की हा माणूस धंद्यात बुडालाय, लबाड नाही. तीन एकर पोराच्या नावावर चढलं की कोणताही न्यायाधीश तुमच्याकडं त्या नजरेनं बघणार नाही. तसंच, साळ्याचे किंवा मित्राचे पैसे आधी गुपचूप फेडून टाकायचे, हेही करू नका. अर्जाच्या आधीच्या तीन महिन्यांत एकाला झुकतं माप देऊन केलेली फेड कोर्ट उलटवू शकतं.

तुमच्या भाच्यानं सांगितलं ते तिकडचं खरं आहे. अमेरिकेत बँकरप्सी हे वकिलांचं वेगळं क्षेत्रच आहे. चॅप्टर ७ नावाच्या प्रकारात साधारण चार महिन्यांत बरीचशी कर्जं माफ होतात, चॅप्टर १३ मध्ये तीन ते पाच वर्षं हप्ते बांधून मिळतात. पण तिथंही अर्ज करण्याआधीच्या १८० दिवसांत मान्यताप्राप्त संस्थेकडून कर्जाविषयी समुपदेशन घ्यावंच लागतं, त्याशिवाय अर्ज चालत नाही. म्हणजे ‘आधी बसून हिशेब करा’ हे तिकडच्या कायद्यानंच सक्तीचं केलंय. आपल्याकडं ती सक्ती नाही, म्हणून ते काम आपलं आपल्याला करावं लागतं.

आपल्याकडं काय आहे? मुंबई, कोलकाता, चेन्नई ही शहरं सोडली तर १९२० चा प्रांतिक नादारी कायदा आजही चालतो. इंग्रजांच्या काळचा आहे, पण जिवंत आहे. २०१६ साली दिवाळखोरीची नवी संहिता आली. तिच्यात साध्या माणसासाठीही प्रकरण लिहिलंय, गरिबासाठी ‘नव्यानं सुरुवात’ अशी सोयसुद्धा आहे. पण ते प्रकरण तुमच्या-माझ्यासारख्यांना अजून लागू केलेलं नाही. १ डिसेंबर २०१९ पासून ते फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरतं सुरू झालं. तेव्हा कोणी तुम्हाला ‘नवीन कायद्यात नागपूरला टाकून देतो, सहा महिन्यांत कर्ज साफ’ असं म्हणालं, तर तिथून उठून या.

१९२० च्या कायद्यात अर्ज जिल्हा न्यायालयात जातो, म्हणजे तुमच्यासाठी यवतमाळला. देणं पाचशे रुपयांच्या वर असलं आणि फेडायची ऐपत नसली की अर्ज करता येतो. अर्जात प्रत्येक देणेकऱ्याचं, म्हणजे ज्याला पैसे द्यायचेत त्याचं नाव, पत्ता, रक्कम लिहावी लागते आणि तुमच्याकडं जे काही आहे ते सगळं किमतीसह मांडावं लागतं. देणेकऱ्यांना नोटिसा निघतात. कोर्टानं नादार ठरवलं की तुमची मालमत्ता कोर्टाच्या किंवा कोर्टानं नेमलेल्या रिसिव्हरच्या ताब्यात जाते. ती विकून पैसे सगळ्यांना वाटले जातात. तुमचं राहतं घर, बैल, नांगर-वखर, बियाणं, अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी यांना दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० चं संरक्षण आहे. शेतकऱ्याचं राहतं घर देण्यापायी जप्त होत नाही. पण वावराला ते संरक्षण नाही, भाऊ. तुमचं उरलेलं तीन एकर त्या ढिगात जातं.

बरं, एवढं करून काय सुटतं? पतसंस्था, डिस्ट्रिब्युटर यांची नुसती उधारी सुटू शकते. ज्याच्याकडं गहाण आहे तो बँकवाला आपलं गहाण धरूनच बसतो, त्याचा हक्क जात नाही. सरकारी देणं सुटत नाही. लबाडीनं काढलेलं कर्ज सुटत नाही. आणि तुमच्या जीवाला लागेल अशी गोष्ट म्हणजे जामीनदार सुटत नाही. तुम्ही नादार होऊन मोकळे झालात की पतसंस्था उरलेल्या सगळ्या रकमेसाठी तुमच्या चुलतभावाच्या सातबाऱ्याकडं वळेल. त्याला विचारल्याशिवाय ही वाट धरणं म्हणजे त्याला तोंडघशी पाडणं आहे.

आणखी दोन गोष्टी वकील लोक घाईत सांगायच्या विसरतात. नादार ठरवताना कोर्ट एक मुदत देतं, त्या मुदतीत ‘मला आता देण्यातून मुक्त करा’ असा दुसरा अर्ज करावा लागतो. तो केला नाही तर आधीचा आदेशच रद्द होतो. वावर गेलेलं असतं, देणेकरी पुन्हा दारात असतात. आणि मुक्त होईपर्यंत तुम्हाला ग्रामपंचायतीला उभं राहता येत नाही. ‘मी नादार आहे’ हे न सांगता पन्नास रुपयांची उधारी केली तरी तो गुन्हा आहे. पन्नासचा आकडा १९२० चा आहे, पण कायद्यात तो आजही तसाच आहे.

म्हणून माझं मत स्पष्ट सांगते. तुमच्यासाठी नादारी ही शेवटची वाट आहे आणि तिच्या आधी दुसऱ्या वाटा मोकळ्या आहेत. तुमची पाच देणी पाच प्रकारची आहेत, प्रत्येकाचा कायदा वेगळा, साहेब वेगळा, ऑफिस वेगळं. सगळ्यांची मिळून ‘बारा लाख’ अशी एकच मोळी बांधली म्हणून ती उचलत नाहीये.

सगळ्यात आधी ते दोन एकर. ज्याला तुम्ही ‘एकजण’ म्हणता तो सावकार आहे आणि बहुतेक परवाना नसलेला. महाराष्ट्रात २०१४ पासून सावकारी नियमन कायदा आहे. परवान्याशिवाय सावकारी केली तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. परवाना असला तरी शेतकऱ्याला तारण घेऊन दिलेल्या कर्जावर शासनानं ठरवलेला दर वर्षाला ९ टक्के आहे. तुम्ही महिन्याला ३ म्हणजे वर्षाला ३६ देताय. व्याजाची एकूण वसुली मुद्दलाच्या वर जाऊ शकत नाही, हीसुद्धा याच कायद्यातली गोष्ट. आणि तुमच्या कामाचं आहे ते कलम १८. सावकारीच्या व्यवहारात तारण म्हणून गेलेली जमीन, मग ती खरेदीखतानं गेली असली तरी, अर्जाच्या मागच्या पंधरा वर्षांतली असेल तर जिल्हा निबंधक चौकशी करून ते खरेदीखत अवैध ठरवू शकतो आणि जमीन परत द्यायला लावू शकतो. तुमचं २०२१ चं आहे. मुदतीत बसतं.

यासाठी आधी कोर्टात जावं लागत नाही. तालुक्याच्या सहाय्यक निबंधक, सहकारी संस्था यांच्या ऑफिसात साध्या कागदावर अर्ज द्यायचा आणि पोच घ्यायची. जिल्ह्याला जिल्हा उपनिबंधक हाच सावकारीचा जिल्हा निबंधक असतो. त्या माणसाकडं परवाना आहे का, हेही तिथंच कळतं. सगळी मदार पुराव्यावर आहे. हा व्यवहार विक्रीचा नव्हता, कर्जाचा होता, हे दिसलं पाहिजे. तुम्ही दर महिन्याला नऊ हजार दिले असतील. फोनपेनं दिले असतील तर ती नोंद बँकेच्या पासबुकात आहे, ती छापून घ्या. तो व्हॉट्सअॅपवर ‘व्याज पाठव’ म्हणत असेल तर ते मेसेज पुसू नका, मोबाईलही बदलू नका. खरेदीखतात लिहिलेली किंमत आणि त्या वेळचा गावातला भाव यात किती तफावत आहे ते बघा. खरेदीखतानंतरची दोन-तीन वर्षं वावर तुम्हीच वाहत असाल तर सोयाबीन विकल्याच्या पावत्या, पीकविम्याचा अर्ज, पीकपेऱ्याची नोंद, यातलं जे असेल ते काढा. विकलेलं वावर विकणारा वाहत नसतो, हे कुठल्याही अधिकाऱ्याला समजतं. विदर्भात या कलमाखाली शेतकऱ्यांना जमिनी परत मिळालेल्या आहेत. पण ज्यानं कागद जपला त्यालाच मिळतात.

पतसंस्थेच्या नोटिशीला मात्र दिवस मोजके आहेत. १०१ म्हणजे महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याचं कलम १०१. पतसंस्थेनं निबंधकाकडं वसुली दाखला मागितलाय. तुमच्याकडं बरेच लोक पोस्टमनला ‘घरी नाही म्हणून सांग’ म्हणतात. पाकीट ‘घेण्यास नकार’ असा शेरा घेऊन परत जातं आणि कायद्यात ती नोटीस मिळाल्यासारखीच धरतात. मग तारखेला कोणी हजर नसतं, संस्था म्हणेल तो आकडा दाखल्यात चढतो. एकदा दाखला निघाला की तो जमीन महसुलाच्या थकबाकीसारखा वसूल होतो, आणि त्याच्याविरुद्ध फेरतपासणीला जायचं तर आधी निम्मी रक्कम संस्थेत भरावी लागते. २ लाख १० हजार तुम्ही आणणार कुठून? म्हणून भांडायचं ते याच तारखेला. हजर राहा. कर्जखात्याचा पूर्ण उतारा लेखी मागा. मुद्दल किती, व्याज किती, दंडव्याज कोणत्या दरानं लावलं, तुम्ही भरलेल्या पावत्या जमा धरल्या का, हे ओळीनं तपासा आणि जे पटत नाही ते लेखी म्हणण्यात मांडा. त्याच म्हणण्यात किती हप्त्यांत फेडू शकता तेही लिहा. चुलतभावालाही नोटीस आली असेल. त्यानंही हजर राहायला पाहिजे.

बँकेचं पीककर्ज हे तुमच्या यादीतलं सगळ्यात कमी बोचणारं देणं आहे, जरी बँकेचा माणूस गाडी घेऊन दारात येत असला तरी. ज्या सरफेसी कायद्यानं बँका कोर्टात न जाता घरं, दुकानं ताब्यात घेतात तो शेतजमिनीच्या गहाणाला लागू नाही. बँकेला दुसऱ्या कायदेशीर मार्गानं यावं लागतं आणि त्याला वेळ लागतो. या वेळात एकरकमी तडजोडीची योजना आहे का ते शाखेत लेखी विचारा. तोंडी ‘साहेब म्हणाले’ यावर जाऊ नका.

डिस्ट्रिब्युटरचे चेक ही खरी काळजीची जागा आहे. साध्या देण्यापायी जेल होत नाही. पैसे द्या असा कोर्टाचा हुकूमनामा झाल्यावरही, ऐपत असून जो मुद्दाम देत नाही किंवा लपवतो त्यालाच कोर्ट दिवाणी कैदेत टाकू शकतं. खरोखर नसलेल्याला नाही, आणि बाईमाणसाला तर पैशाच्या हुकूमनाम्यात अटकच करता येत नाही. पण चेक न वटण्याचा खटला फौजदारी आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, आणि नादारीच्या अर्जानं तो आपोआप थांबत नाही. चेक परत गेला की तीस दिवसांत तो तुम्हाला नोटीस पाठवेल, ती मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पैसे द्यायचे असतात. त्या पंधरा दिवसांत निदान वकिलामार्फत उत्तर तरी गेलंच पाहिजे. खरं तर चेक वटवायच्या आधीच त्याला भेटा. बंद दुकानातला परत घेता येण्यासारखा माल, हप्ते, काहीतरी ठरवा आणि ठरेल ते कागदावर घ्या, जुने चेक परत घेऊन. अशा खटल्यांत पुढं लोकअदालतीतही मिटवता येतं. पण लोकअदालतीचा निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. तिथं पेलणार नाही असा हप्ता भरात येऊन कबूल करू नका.

फायनान्सच्या गटांबद्दल थोडक्यात. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं ही कर्जं विनातारण असतात, वसुलीसाठी सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर येता येत नाही. शिवीगाळ, दारात ठाण मांडून बसणं, बाईला बाकीच्या बायकांसमोर उभं करणं, हे चालत नाही. घरातल्या सगळ्या कर्जांचे महिन्याचे हप्ते मिळून उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जातील असं कर्ज त्यांनी द्यायलाच नको होतं. तक्रार आधी कंपनीकडं लेखी करा. उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जाता येतं, १४४४८ वर विचारा. पण गटातल्या बाकीच्या बायकांवर तुमचा हप्ता पडत असेल तर तेवढं देणं मी आधी भागवलं असतं. गावात राहायचं आहे.

आता तुमचा मूळ प्रश्न, वकील. ‘दिवाळं काढणारा वकील’ अशी पाटी तुम्हाला दारव्ह्यात, दिग्रसला, यवतमाळात कुठंही दिसणार नाही. तुम्हाला दिवाणीचा वकील पाहिजे, आणि त्यातही सहकार आणि सावकारीची कामं चालवलेला. तो कसा ओळखायचा? एक दिवस सहाय्यक निबंधकाच्या ऑफिसात, सुनावणी असेल त्या दिवशी जाऊन बसा. कर्जदाराकडून कोण बोलतंय, साहेब कोणाचं ऐकून घेतात, कोण तारखेला कारकुनाला पाठवतो, हे दोन तासांत दिसतं. नावं टिपून घ्या. मग कुणा शिकलेल्या पोराला मोबाईलवर ई-कोर्ट्सचं अॅप उघडायला सांगा. त्यात वकिलाच्या नावानं शोधता येतं. त्याच्या खटल्यांची यादी येते. दिवाणी दावे, दरखास्ती (हुकूमनाम्याच्या वसुलीचे अर्ज) दिसल्या तर ठीक, नुसतेच अपघाताचे क्लेम दिसले तर तो तुमच्या कामाचा नाही. एक मात्र बघा, तो याच पतसंस्थेच्या पॅनलवर नाही ना, हे तोंडावर विचारा. छोट्या तालुक्यात ही गल्लत फार होते.

पहिल्या भेटीत वकिलानं तुमची कहाणी अर्ध्यात थांबवून ‘कागद दाखवा’ म्हटलं तर वाईट वाटून घेऊ नका, तो बरा वकील. त्याला हे विचारा: माझ्या पाच देण्यांपैकी तुम्ही कोणती हाताळाल? नादारीचा अर्ज केला तर माझं तीन एकर राहील का? जामीनदाराचं काय होईल? फी एकदम की कामाच्या टप्प्याप्रमाणे? ‘राहील, काळजी करू नका’ असं न बघता म्हणणाऱ्याला नमस्कार करून निघा. वकिलानं निकालावर टक्केवारी ठरवणं बार कौन्सिलच्या नियमात बसत नाही. ‘जमीन सोडवली तर अर्धा एकर माझा’ असं कोणी म्हणालं तर तोच दुसरा सावकार समजा. वकीलपत्रावर सही करताना ते वाचून घ्या. कोऱ्या स्टॅम्पवर, कोऱ्या कागदावर सही कुणालाच नको, मग तो वकील असो की त्याचा मुन्शी. मूळ कागद हातचे सोडू नका, झेरॉक्स द्या. दिलेल्या पैशाची पावती मागा.

फोनवरची ती कंपनी वकील नाही. वकिलाला जाहिरात करून गिऱ्हाईक गोळा करायला मनाई आहे, म्हणून ‘निम्म्यात कर्ज साफ’ अशी जाहिरात करणारा कोण असेल ते तुम्हीच ओळखा. ३० हजार घेऊन ते बहुतेक एकच सल्ला देतात, हप्ते थांबवा. मग तिकडं व्याज चढतं, चेक परत जातात, आणि नोटिशी तुमच्याच पत्त्यावर येतात. बँकेशी तडजोड तुम्ही स्वतः शाखेत जाऊन करू शकता, त्याला कमिशन लागत नाही. त्यांना आधार, ओटीपी काही दिलं असेल तर आजच बँकेत सांगा.

आणि पैसे नाहीत म्हणून वकील नाही, असं होऊ देऊ नका. तालुक्याच्या कोर्टातच तालुका विधी सेवा समिती असते, यवतमाळला जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. वर्षाचं उत्पन्न ३ लाखांच्या आत असेल तर तुम्हाला सरकारी खर्चानं वकील मिळतो. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला आणि कोणत्याही बाईला उत्पन्नाची अटच नाही. म्हणजे फायनान्सच्या बाबतीत तुमच्या घरचीच्या नावानं अर्ज केला तर तिला उत्पन्नाचा दाखला न मागता वकील द्यावा लागेल. तो वकील तुमच्याकडून फी घेऊ शकत नाही. मागितली तर त्याच ऑफिसात तक्रार करा. १५१०० हा त्यांचा फोन. फुकटचा वकील म्हणजे हलका वकील, असं धरून चालू नका. मी अशा पॅनलवरचे मनापासून भांडणारे वकील पाहिले आहेत आणि जड फी घेऊन तारखेला न येणारेही.

मी स्वतः वकिली करते, म्हणून कुणाचं नाव या सदरात सुचवणार नाही, माझंही नाही.

राहिलं तुमच्या घरचं. खरेदीखताचं बायकोला सांगितलं नाही, असं तुम्ही लिहिलंय. आज सांगा. मी हे नात्यासाठी म्हणत नाहीये, केससाठी म्हणतेय. सावकारानं तीन लाख कुठं बसून दिले, कोण हजर होतं, व्याजाचे पैसे तिच्या कपाशी वेचणीच्या मजुरीतून गेले का, हे तिला माहीत असेल आणि उद्या चौकशीत ती तुमची सगळ्यात मोठी साक्षीदार असेल. ती चिडेल, रडेल. तरीही तुम्ही एकट्यानं वाहताय त्यापेक्षा ते बरं. मग चुलतभावाकडं जा, दोघं मिळून. त्याला १०१ ची नोटीस आली असेल तर तोही तुमच्यासारखाच ती कुठंतरी खुंटीच्या पिशवीत घालून बसला असेल.

तारखेच्या आधी हे काढून ठेवा: पाचही एकरांचा ताजा सातबारा आणि त्यावरचे फेरफार, खरेदीखताची नक्कल दुय्यम निबंधकाकडून, पतसंस्थेच्या पावत्या, गेल्या पाच वर्षांचं पासबुक, डिस्ट्रिब्युटरला दिलेल्या चेकचे नंबर, फायनान्सची हप्त्याची कार्डं. पतसंस्थेचं म्हणणं लिहायला वेळ कमी पडला तर तारखेला हजर राहून कागद मिळाले नाहीत म्हणून लेखी मुदत मागा, आणि त्या अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का घेतल्याशिवाय ऑफिसातून हलू नका. निकाल काय लागला ते मला कळवा. सावकारीच्या अर्जाची पोच मिळाली की तिचा फोटोही पाठवा.

तुमची
ताई